गर्भाची नगररचना

कोल्हापूर संस्थानांत 1917 सालीं एक नवें गांव वसलें. मिरजेहून कोल्हापुरास जाणाऱ्या आगगाडीच्या मार्गावर, शिरोळ भागांत, छत्रपति शाहू महाराजांनीं शेतमालाची एक पेठ उभारण्याचें मनावर घेतलें, आणि आपले जन्मदाते वडील, कागलकर जयसिंगराव घाटगे, यांच्या स्मरणार्थ तिला जयसिंगपूर हें नांव दिलें. जुनीं खेडीं ओढ्याच्या वळणानें आणि पाऊलवाटेच्या सोयीनें वाढत जातात; जयसिंगपुराचें तसें झालें नाहीं. येथें आराखडा आधीं झाला आणि घरें मागाहून आलीं. सरळ रस्ते, त्यांना काटकोनांत छेदणारे दुसरे रस्ते, आणि क्रमांकांनीं ओळखल्या जाणाऱ्या गल्ल्या ही त्या गांवाची खूण आजही कायम आहे. गल्लीचा आंकडा ठाऊक असला म्हणजे परक्या माणसालाही घर शोधण्यास फारशी अडचण पडत नाहीं.

जयसिंगपुराहूनही नेटकें असें एक नगर मातेच्या उदरांत नऊ महिन्यांत उभें राहत असतें. तें म्हणजे गर्भ. प्रारंभीं एकच पेशी असते. तिच्या दोन होतात, दोहोंच्या चार होतात, आणि बघतां बघतां असंख्य पेशींची वस्ती होऊन ज्याचें त्याचें घर ज्याच्या त्याच्या गल्लींत बसतें. डोळे चेहऱ्यावरच उमटतात, बोटें हाताच्या टोंकालाच फुटतात, हृदय छातींतच धडधडतें. जयसिंगपूर कोणाच्या आज्ञेनें वसलें हें इतिहासाला ठाऊक आहे. या दुसऱ्या नगराला आज्ञा देणारा कोण? आराखडा जनुकांत लिहिलेला असतो, एवढें म्हणून भागत नाहीं. कारण बहुतेक प्रत्येक पेशीजवळ तीच पोथी असते. मग एकीनें डोळ्याचें पान उघडावें आणि दुसरीनें नखाचें, हें त्यांना सांगतें कोण?

हा प्रश्न आपल्या देशाला नवा नाहीं. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत एक मोठा मनोरंजक वाद नमूद आहे. गर्भाचें कोणतें अंग प्रथम निर्माण होतें? शौनक म्हणतात, मस्तक. कृतवीर्य म्हणतात, हृदय. पाराशर्यांच्या मतें नाभि. मार्कंडेयांच्या मतें हात आणि पाय. तर सुभूति गौतम शरीराच्या मध्यभागाला अग्रमान देतात. धन्वंतरि हीं सारीं मतें बाजूला सारतात. सर्व अंगें एकाच वेळीं संभवतात, परंतु तीं अतिसूक्ष्म असल्यामुळें दिसत नाहींत, असा त्यांचा निर्णय आहे. दृष्टान्त आंब्याचा आहे. पिकलेल्या आंब्यांत गर, कोय आणि केसर वेगवेगळीं दिसतात. कोंवळ्या फळांत तीं असतात खरीं, पण ओळखूं येत नाहींत.

युरोपांतही शेंदीडशें वर्षें असाच झगडा चालला होता. बीजांतच एक चिमुकला जीव पूर्णावस्थेंत दडलेला असतो आणि पुढें तो केवळ मोठा होतो, असें एक पक्ष म्हणे. कास्पार वोल्फ या तरुण जर्मन पंडितानें 1759 सालीं कोंबडीच्या अंड्यांतील गर्भ पाहून उलट बाजू मांडली: अवयव आधींपासून नसतात, ते साध्या द्रव्यांतून नव्यानें घडतात. पुढें 1891 सालीं हान्स ड्रीश यांनीं सी अर्चिन या कांटेरी समुद्रप्राण्याच्या दोन पेशींच्या गर्भाला हलवून त्या पेशी सुट्या केल्या. प्रत्येकीपासून अर्धा प्राणी निघावा अशी अपेक्षा होती. निघाला तो आकारानें लहान, पण सर्वांगांनीं पूर्ण असा जीव. गांवाचा नकाशा मधोमध फाडावा आणि प्रत्येक तुकड्यावर संपूर्ण गांव उभें राहावें, तसा हा प्रकार होता. कागदावरचा नकाशा असें कधींच करूं शकत नाहीं. यावरून एक गोष्ट स्पष्ट झाली: पेशी आपल्या जागेची माहिती शेजारणीकडून घेत असली पाहिजे.

शेजारणीचा हा प्रभाव प्रथम प्रयोगानें दाखविला तो एथेल ब्राउन या अमेरिकन विदुषीनें. डबक्यांत राहणाऱ्या हायड्रा नांवाच्या, कांहीं मिलिमीटर लांबीच्या प्राण्याच्या तोंडाजवळचा तुकडा तिनें दुसऱ्या हायड्राच्या अंगावर बसविला. तेथें एक नवें डोकें आणि धड उगवलें. हा निबंध 1909 चा. त्यानंतर 1924 सालीं जर्मनींतील फ्रायबुर्ग येथें हान्स स्पेमान आणि त्यांची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड यांचा विख्यात निबंध प्रसिद्ध झाला. न्यूट या उभयचर प्राण्याच्या गर्भावरील एक ठराविक तुकडा दुसऱ्या गर्भाच्या पोटाकडील बाजूस लावला असतां तेथें दुसरा गर्भ तयार होई, आणि नवल असें कीं त्या दुसऱ्या गर्भाची पुष्कळशी घडण यजमानाच्या पेशींची असे. दोन भिन्न रंगांच्या जाती घेतल्यामुळें ही गोष्ट डोळ्यांना दिसत होती. पाहुणा तुकडा जणूं मुकादम होऊन यजमानाच्या पेशींकडून काम करवून घेत होता. स्पेमान यांनीं त्याला ‘संघटक’ म्हटलें. त्यांना 1935 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. मांगोल्ड मात्र तें पाहावयास राहिल्या नाहींत. निबंधाच्याच वर्षीं, वयाच्या पंचविसाव्या वर्षीं, घरांतील अपघातांत भाजून त्यांचा अंत झाला होता.

या संघटकाच्या अंगीं कोणतें द्रव्य आहे, याचा शोध आतां सर्वत्र सुरू झाला. आणि येथेंच शास्त्राला मोठी ठेच लागली. 1932 च्या सुमारास दिसून आलें कीं, संघटक मारून टाकला, उकळला, तरीही तो काम करतो. पुढें तर ज्यांचा गर्भाशीं कांहीं संबंध नाहीं अशीं नाना द्रव्यें तेंच काम करूं लागलीं. मेलेला मुकादम आज्ञा कशी देतो? वाटेल तो परका मनुष्य गांवांत शिरून मुकादमी कशी करूं शकतो? पुष्कळ संशोधक निराश होऊन या क्षेत्रांतून निघून गेले.

या कोंडींतून वाट दाखविणारा एक विचार कॉनरॅड वॉडिंग्टन यांनीं मांडला. हे ब्रिटिश शास्त्रज्ञ. पण त्यांचीं अगदीं पहिलीं वर्षें दक्षिण हिंदुस्थानांतील चहाच्या मळ्यांत गेलीं होतीं. संघटकाचा परिणाम पक्ष्यांच्या गर्भांतही होतो हें त्यांनीं दाखविलें होतें. त्यांचें म्हणणें असें कीं, सांगणाऱ्याइतकेंच महत्त्व ऐकणाऱ्याला आहे. तोच संदेश एका वेळीं पेशीला समजतो, कांहीं तासांनंतर समजत नाहीं. पेशीच्या या तयारीला त्यांनीं ‘पात्रता’ असें नांव दिलें. आजवर सर्वांचें लक्ष बोलणाऱ्या मुखाकडे लागलें होतें. वॉडिंग्टन यांनीं तें ऐकणाऱ्या कानाकडे वळविलें. मात्र तो कान कोठें असतो आणि कसा ऐकतो, हें सांगण्याचें साधन त्या काळीं कोणाजवळच नव्हतें.

याच ठिकाणीं महाराष्ट्राचा या इतिहासांत प्रवेश होतो. एडिंबरो येथें वॉडिंग्टन यांच्या प्रयोगशाळेंत पुण्याच्या डॉ. लीला मुल्हेरकर संशोधनास गेल्या. कोंबडीचें अंडें उबविल्यावर सुमारें अठरा तासांनीं बलकावरील गर्भाच्या पातळ चकतीवर एक फिकट रेघ पूर्ण तयार झालेली दिसते. तिला आद्यरेषा म्हणतात. पाठ कोठें, पोट कोठें, उजवें कोणतें, डावें कोणतें, याचा निवाडा या रेघेच्या आधारानें होतो. तिच्या दोन्ही बाजूंच्या भागांत शेजारच्या पेशींना वळण लावण्याची शक्ति कितपत आहे, हा मुल्हेरकर यांच्या 1958 सालीं प्रसिद्ध झालेल्या निबंधाचा विषय होता. त्याआधीं तीन वर्षें डेनिस न्यू यांनीं गर्भ अंड्याबाहेर वाढविण्याची एक सुटसुटीत रीत शोधून काढली होती. बलकावरचा पातळ पापुद्रा गर्भासकट उचलावयाचा, कांचेच्या कड्यावर तबल्याच्या पुडीसारखा ताणावयाचा, आणि खालीं अंड्याचाच पांढरा द्रव ठेवावयाचा. इतक्या अल्प सामग्रीवर गर्भाचे अवयव डोळ्यांदेखत घडतांना पाहतां येतात. महागडीं यंत्रें न परवडणाऱ्या देशाला ही रीत वरदानासारखी होती. पुणें विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागांत मुल्हेरकर यांनीं याच वाटेनें विद्यार्थ्यांची एक परंपरा उभी केली.

त्यांच्या आणखी एका अभ्यासाची नोंद येथें घेतली पाहिजे. ट्रिपॅन ब्लू नांवाचें निळें रंगद्रव्य सस्तन प्राण्यांच्या गर्भांत व्यंगें उत्पन्न करतें, असें आधीं आढळलें होतें. कांचेंत वाढणाऱ्या कोंबडीच्या गर्भावर त्याचा काय परिणाम होतो, याविषयींचा मुल्हेरकर यांचा निबंध 1960 सालीं निघाला. पुढच्याच वर्षीं थॅलिडोमाइड या झोंपेच्या औषधानें युरोपांत हजारों अर्भकें हातापायांनीं अपंग जन्मलीं, हें उघड होऊन जग हादरलें. गर्भाची व्यंगें दैवाच्या खात्यावर न टाकतां प्रयोगानें तपासणें किती अगत्याचें आहे, हें त्या प्रसंगानें सर्वांस पटलें.

इकडे संदेश आणि कान या दोहोंचा पत्ता निराळ्याच दिशेनें लागत होता. इटलींत 1938 सालीं यहुद्यांविरुद्ध कायदे झाल्यामुळें रिटा लेव्ही-मोंताल्चिनी या तरुण डॉक्टर स्त्रीला विद्यापीठ सोडावें लागलें. तिनें ट्युरिन येथें राहत्या घरीं, निजण्याच्या खोलींत, कोंबडीच्या गर्भांवर प्रयोग चालू ठेविले. युद्धानंतर अमेरिकेंत गेल्यावर तिनें मज्जापेशींना वाढविणारें एक द्रव्य असल्याचें दाखविलें. तेथेंच तिचे सहकारी स्टॅन्ली कोहेन यांना एक विलक्षण गोष्ट आढळली. उंदराच्या लाळग्रंथींतील अर्क नवजात पिलांना टोंचला असतां त्यांचे डोळे वेळेआधींच उघडत. या अर्कांतील प्रथिनाची माहिती त्यांनीं 1962 सालीं प्रसिद्ध केली. अशा प्रथिनांना ‘वृद्धिघटक’ म्हणतात. या दोघांना 1986 सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

वृद्धिघटक हा झाला संदेश. तो ऐकणारा जो कान, त्याला ‘ग्राही’ म्हणतात. जो ग्रहण करतो तो ग्राही. याचें कार्य घराच्या विजेच्या घंटेसारखें आहे. पाहुणा दाराबाहेर उभा राहून बटण दाबतो. तो आंत येत नाहीं, पण आंत घंटा वाजते. ग्राही हें पेशीच्या पातळ भिंतींतून आरपार गेलेलें प्रथिन असतें. त्याचें एक टोंक बाहेर, दुसरें आंत. बाहेरच्या टोंकाला वृद्धिघटक चिकटला कीं बहुधा दोन ग्राही एकमेकांजवळ येतात, आणि आंतलीं टोंकें परस्परांवर फॉस्फेटची रासायनिक खूण उमटवितात. ही खूण टायरोसीन या विशिष्ट घटकावर बसते, असें कोहेन यांच्या प्रयोगशाळेनें 1980 सालीं दाखविलें. खूण उमटली कीं पेशींतील इतर प्रथिनें तिच्याभोंवतीं गोळा होतात, एक दुसऱ्याला जागें करतें, दुसरें तिसऱ्याला, आणि हातोहात चाललेली ही वर्दी पेशीच्या केंद्रापर्यंत पोहोंचते. तेथें पोथीचें नेमकें पान उघडलें जातें. मनुष्याच्या शरीरांत या कुळांतील 58 ग्राही आहेत.

हें कळल्यावर जुन्या कोड्यांचीं उत्तरें भराभर मिळूं लागलीं. कोंबडीच्या गर्भांत पंख फुटूं लागतो तेव्हां त्याच्या टोंकाला एक बारीक कडा असते. ती कापली तर पंख अर्धवट राहतो, हें जॉन साँडर्स यांनीं 1948 सालीं दाखविलें होतें. ती कडा काय सांगते, हें पुढें उलगडलें: ती एफ.जी.एफ. नांवाचे वृद्धिघटक पुरविते. 1995 सालीं अशा घटकांत भिजविलेला एक सूक्ष्म मणी गर्भाच्या कुशींत, जेथें कधींच अवयव येत नाहीं अशा जागीं, ठेवला असतां तेथें एक जादा अवयव उगवला. बेडकाच्या गर्भांत याच घटकांचा ग्राही 1991 सालीं निकामी करून पाहण्यांत आला. संदेश हजर असूनही शरीराचा मागला भाग नीट घडला नाहीं. मुख शाबूत होतें, कान बंद होता.

आणि उकळलेल्या संघटकाचें काय? 1992 सालीं संघटकांतील एक प्रथिन सांपडलें. त्याचें नांव नॉगिन. तें संदेश देत नाहींच, असें 1996 सालीं स्पष्ट झालें. शेजारच्या पेशींना ‘तुम्ही त्वचा व्हा’ असा जो दुसरा संदेश सतत येत असतो, त्याला तें वाटेंतच अडवितें आणि ग्राहीपर्यंत पोहोंचूं देत नाहीं. तो गलबला थांबला कीं त्या पेशी आपल्या मूळच्या प्रवृत्तीप्रमाणें मज्जापेशी होतात. मुकादम ओरडून हुकूम देत आहे असें सर्वांस वाटत होतें. प्रत्यक्षांत तो इतरांना गप्प करीत होता. पेशींची स्वतःचीच तयारी असल्यामुळें भलतींसलतीं द्रव्येंही तो परिणाम घडवूं शकत. वॉडिंग्टन यांच्या ‘पात्रते’चा अर्थ साठ वर्षांनीं असा उमगला.

या संवादाची भाषा किती पुरातन आहे, हें दाखविण्यांत पुण्यानें पुन्हां भाग घेतला. तेथें 1946 सालीं महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी ही संस्था स्थापन झाली, आणि तिचे आद्य संचालक प्रा. शंकर पुरुषोत्तम आघारकर यांचें नांव आज तिच्या संशोधन संस्थेला आहे. आघारकर वनस्पतिशास्त्रज्ञ, पण तरुणपणीं त्यांना सह्याद्रींत, कृष्णेच्या उपनद्यांच्या पाण्यांत, गोड्या पाण्यांतील एक दुर्मिळ जेलिफिश सांपडला होता, आणि त्याचें वर्णन 1911 सालीं प्रसिद्ध झालें होतें. तीच कृष्णा पुढें जयसिंगपुरापासून जवळच, नरसोबाच्या वाडीला, पंचगंगेस भेटते. हायड्रा हा त्या जेलिफिशचा भाऊबंदच. आघारकर संस्थेंत डॉ. सुरेंद्र घासकडबी आणि त्यांचे सहकारी यांनीं याच हायड्रावर अनेक वर्षें संशोधन केलें. हायड्रांत नॉगिनसारखें जनुक असून तें बेडकाच्या गर्भांतही आपलें कार्य करूं शकतें, हें त्यांनीं व त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनीं 2010 सालीं प्रसिद्ध केलें. 2013 सालीं याहूनही नवलाची गोष्ट पुढें आली. मनुष्यांत रक्तवाहिन्या वाढविणारा जो वृद्धिघटक आहे, त्याचा पूर्वज हायड्रांत आढळला. हायड्राला रक्त नाहीं आणि रक्तवाहिन्याही नाहींत! म्हणजे शब्द आधींचा आहे आणि त्याचा आजचा अर्थ मागाहूनचा. घराण्यांतील जुनें भांडें एका पिढींत पाण्यासाठीं, दुसऱ्या पिढींत धान्यासाठीं वापरावें, तसे जीवसृष्टीनें हे जुनेच संदेश आणि जुनेच कान नव्यानव्या कामांस लाविले आहेत.

या सर्व ज्ञानाचा संसारी माणसाला उपयोग काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचें उत्तर अनेक घरांच्या उंबरठ्याआड आहे. कांहीं मुलें आखूड हातापायांचीं जन्मतात. पुढें त्यांची उंची चार-सव्वाचार फुटांच्या आसपास थांबते. या प्रकाराला अकॉन्ड्रोप्लेझिया म्हणतात, आणि 15 ते 40 हजार जन्मांत असें एखादें मूल असतें. अशा मुलाच्या जन्मानंतर घरांतील बोटें आईकडे वळतात. ग्रहण पाळलें नाहीं, ग्रहणांत भाजी चिरली, कांहीं भलतें पाहिलें, भलतें खाल्लें, असे बोल तिला ऐकावे लागतात. 1994 सालीं या व्यंगाचें मूळ सांपडलें. एफ.जी.एफ. घटकांच्या चार ग्राहींपैकीं तिसऱ्या ग्राहीच्या लेखनांत एका अक्षराचा बदल होतो, आणि जवळजवळ सर्व रुग्णांत 380 व्या स्थानावरील एकच घटक बदललेला असतो. हा कान बहिरा नसतो. उलट तो गरजेहून अधिक ऐकतो. हाडांची वाढ आवरती घेण्याचा जो संदेश बेतानें यावयाचा, तो या ग्राहीमुळें अवाजवी जोरानें घुमत राहतो.

अशा मुलांपैकीं सुमारें 80 टक्के मुलांचे आईबाप सामान्य उंचीचे असतात; बदल त्या मुलांत नव्यानेंच झालेला असतो. 1998 सालीं असेंही दाखविण्यांत आलें कीं, हा नवा बदल पित्याच्या बीजपेशींत घडलेला असतो. म्हणून दोष आतां बापावर ढकलावा असा याचा अर्थ नव्हे. अब्जावधि अक्षरांची पोथी पुनःपुन्हां उतरवितांना घडणारी ती एक चूक आहे. तिला कोणाचें वर्तन कारण नाहीं आणि कोणाचें पापही नाहीं. 2021 सालीं या मुलांच्या हाडांच्या वाढीस साह्य करणारें व्होसोरिटाइड हें औषध युरोप व अमेरिकेंत मान्य झालें. हा ग्राही आंत जी वर्दी धाडतो, तिला तें वाटेंत आवर घालतें.

गर्भवतीनें जपावें, हें खरेंच आहे. डॉक्टरांना विचारल्याविना औषध घेऊं नये, मद्य व तंबाखू वर्ज्य करावीं, ही शिकवण थॅलिडोमाइडनें आणि मुल्हेरकर यांच्यासारख्यांच्या प्रयोगांनीं दिलेली आहे. पण सूर्यचंद्रांच्या सांवलीला गर्भाच्या ग्राहीशीं कांहीं कर्तव्य नाहीं. खरी भीति कोणती आणि खोटी कोणती, हें निवडून देणें हें या अडीचशें वर्षांच्या संशोधनाचें मोठें फळ आहे.

जयसिंगपूर एका राजाच्या आज्ञेनें वसलें. गर्भाच्या नगरांत राजा नाहीं. तेथें प्रत्येक रहिवासी शेजाऱ्याचें ऐकतो, ऐकून बदलतो, आणि बदलून पुढच्याला कांहीं सांगतो. त्या संभाषणांतूनच रस्ते पडतात आणि घरें उभीं राहतात. कधींतरी एखादा कान चुकीचें ऐकतो. अशा घरीं जन्मलेल्या बाळाला औषध लागेल तें वैद्यशास्त्र शोधीत आहे; त्याच्या आईला मात्र निर्दोष ठरविण्यास आज कोणत्याही नव्या शोधाची वाट पाहण्याचें कारण उरलेलें नाहीं.